ठिणगी सारखी हवी: रायफलच्या काडतुसाचा प्रायमर कसा निवडतात

माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सासला असतो. लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा त्याला छंद आहे आणि तिथल्या कायद्याला धरून तो आपली काडतुसे स्वतःच्या हाताने भरतो. गेल्या दिवाळीत तो सांगलीला आला तेव्हा चहा होण्याच्या आतच त्याने विचारले, "काका, दुकानात पाच प्रकारचे प्रायमर होते. सगळ्यांत चांगला कोणता?" प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी, आघाताने पेटणारी लहानशी टोपी. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून आयुष्य काढले असल्यामुळे माझ्याकडे तयार उत्तर असेल, असे त्याला वाटले होते. त्याच आठवड्यात, माझ्याकडे पॉइंट टू-टू रायफल शिकायला येणाऱ्या तासगावच्या एका मुलीने विचारले, "सर, मागच्या खोक्यातल्या गोळ्या मधोमध लागत होत्या, या खोक्यातल्या वर-खाली जातात. नाव तर तेच आहे, मग असे का?" दोघांचे प्रश्न वेगळे वाटले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. काडतुसाच्या बुडाशी पडणारी ठिणगी प्रत्येक वेळी सारखी पडते का, हा तो खरा प्रश्न. त्या दोघांना तोंडी जे सांगितले, ते इथे नीट मांडून लिहीत आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे सातारा-सांगलीत बसून कोणी घरी काडतूस भरण्याचा विचार करू नये. पण आपल्या खेळाडू मुलांसाठी तयार गोळ्या निवडताना, सैन्यातून परतलेल्या माणसाला आपल्याच हत्याराचे वागणे समजून घेताना, आणि परदेशात कायदेशीरपणे हा छंद जोपासणाऱ्या आपल्या मुलांशी बोलताना ही माहिती उपयोगी पडते.

काडतुसाचे भाग चार असतात. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी, आत भरलेली दारू, आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध बसवलेला प्रायमर. माझ्याकडे शिकवण्यासाठी ठेवलेला एक वापरून झालेला, मधोमध उभा कापलेला प्रायमर आहे. भिंगाखाली धरला की त्याची रचना सहज समजते. बाहेरून एक लहानशी धातूची वाटी, जिच्या तळाशी फायरिंग पिनने, म्हणजे चाप ओढल्यावर आदळणाऱ्या खिळ्याने, पाडलेला खोलगट खड्डा स्पष्ट दिसतो. वाटीच्या तोंडात तीन पायांची, चुलीवरच्या तिवईसारखी दिसणारी एक पत्र्याची ऐरण अडकवलेली असते. वाटी आणि ऐरण यांच्या मध्ये, प्रायमर न वापरलेला असताना, आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा एक पातळ थर असतो. त्या थराचे वजन मोहरीच्या आठ-दहा दाण्यांइतके असते. पिन वाटीवर आदळली की वाटीचा तळ आत दबतो, मिश्रण ऐरणीच्या टोकावर चिरडले जाते, पेटते, आणि त्याची ज्वाळा व तप्त कण पुंगळीच्या बुडातील बारीक छिद्रातून दारूवर जाऊन पडतात. लोहाराकडे घण, लोखंड आणि ऐरण या तिघांचे जे नाते असते, तेच इथे पिन, मिश्रण आणि ऐरण यांचे असते. ऐरण हलली तर घाव वाया जातो, हे पुढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे मिश्रण आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट या शिशाच्या संयुगावर आधारलेले असते. म्हणून बंदिस्त जागेत गोळीबार करताना हवा खेळती असावी, आणि रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय मुलांनी जेवणाच्या डब्याला हात लावू नये, हा नियम मी कटाक्षाने पाळायला लावतो. पूर्वीच्या प्रायमरमध्ये पारा असे आणि पोटॅशियम क्लोरेट असे. पाऱ्यामुळे पुंगळीचे पितळ ठिसूळ होई, आणि क्लोरेट जळून नळीत मिठासारखा क्षार उरे, जो हवेतली ओल शोषून नळी गंजवत असे. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या जुन्या माणसांकडून मी लहानपणी ऐकले आहे की थ्री नॉट थ्री रायफल चालवून आले की आधी उकळते पाणी नळीतून ओतायचे, मग तेल. ती शिस्त उगाच नव्हती. क्षार तेलाने निघत नाही, पाण्यात विरघळतो. उकळते पाणी तो धुऊन नेते आणि नळी तापल्यामुळे लगेच कोरडीही होते. पुण्याजवळ खडकीला १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यातून त्या काडतुसांचा मोठा वाटा येत असे, आणि अशा पुंगळ्यांच्या बुडावर त्या कारखान्याची खूण असे.

प्रायमरच्या रचनेच्या दोन पद्धती आहेत. बॉक्सर पद्धतीत ऐरण प्रायमरच्याच पोटात असते आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र असते. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडाचाच भाग असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बहुधा दोन छिद्रे असतात. हाताने काडतूस भरणारे बॉक्सरच वापरतात, कारण मधल्या छिद्रातून दट्ट्या घालून जुना प्रायमर सहज बाहेर काढता येतो.

आता निवडीकडे येऊ. पहिली निवड मापाची, आणि ती माणसाने करायची नसते. पुंगळीने ती आधीच केलेली असते. रायफलचे प्रायमर दोन मापांचे येतात. लहानाचा व्यास साधारण ४.४५ मिलिमीटर आणि मोठ्याचा ५.३३ मिलिमीटर असतो. पिस्तुलाचे प्रायमरही याच दोन व्यासांचे असल्यामुळे नवशिक्यांची इथे गल्लत होते आणि ती धोक्याची आहे. रायफलमध्ये दाब पिस्तुलापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून रायफलच्या प्रायमरची वाटी जाड असते. शिवाय मोठा रायफल प्रायमर मोठ्या पिस्तूल प्रायमरपेक्षा उंचीलाही थोडा जास्त असतो. मापात बसतो म्हणून चालतो, असे इथे होत नाही.

वाटीच्या जाडीचा मुद्दा लहान रायफल प्रायमरमध्ये विशेष महत्त्वाचा आहे, आणि पुतण्याला मी सर्वांत जास्त वेळ यावरच थांबवले. लहान रायफल प्रायमरमध्येही काहींची वाटी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तर काहींची सुमारे ०.६३ मिलिमीटर जाड असते. सीसीआय आणि रेमिंग्टन या प्रायमर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी सीसीआय ४०० आणि रेमिंग्टन साडेसहा हे पातळ वाटीचे. सीसीआय ४५०, सीसीआय बीआर-४ आणि रेमिंग्टन साडेसात हे जाड वाटीचे. जास्त दाबाच्या काडतुसात पातळ वाटी घातली तर पिनच्या टोकाभोवती धातू मागे फुगतो, कधी वाटीला भोक पडते, आणि तप्त वायू मागे येऊन पिनचे टोक खाऊन टाकतो. पिनचे टोक एकदा खडबडीत झाले की पुढचे प्रत्येक प्रायमर ते वेगळ्या प्रकारे मारते. अचूकपणा असा हळूहळू हातातून निसटतो आणि माणूस मात्र दारूला दोष देत बसतो. यात आणखी एक भेद आहे. ज्या आपोआप भरणाऱ्या रायफलींची पिन मोकळी हलते, त्यांत बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागचे तोंड बंद करणारा भाग, झटक्याने पुढे येताना पिन प्रायमरला हलकी टिचकी देते. अशा हत्यारांसाठी कमी संवेदनशील वाटीचे, सैन्याच्या मापदंडाचे प्रायमर मिळतात. सीसीआय ३४ आणि ४१ हे त्यातले आहेत. तिथे अचूकपणाच्या आधी सुरक्षितपणा पाहायचा, यात तडजोड नाही.

दुसरी निवड ठिणगीच्या ताकदीची. साधा प्रायमर आणि मॅग्नम प्रायमर असे दोन प्रकार असतात, आणि मॅग्नमची ज्वाळा जास्त गरम व जास्त वेळ टिकणारी असते. मोठ्या पुंगळीत भरपूर दारू असेल, गोल दाण्यांची, लेपामुळे उशिरा पेट घेणारी दारू असेल, किंवा हवा गोठवणारी थंड असेल, तर मॅग्नमची गरज पडते. या खेरीज जास्त ताकद म्हणजे जास्त अचूकपणा, हा समज चुकीचा आहे, आणि तो इतका पसरलेला आहे की त्याबद्दल थोडे थांबून लिहितो.

आपल्या भागातल्या ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे, त्याला हे लगेच कळेल. चुलवाणात चिपाडांचा जाळ घालणारा माणूस एकदम ढीग लोटत नाही. त्याचे सगळे कसब जाळ एकसारखा ठेवण्यात असते, कारण जाळ कमी-जास्त झाला की काहिलीतला रस कधी करपतो, कधी मऊ राहतो, आणि गुळाची ढेप सारखी उतरत नाही. प्रायमरचेही तसेच आहे. लहान पुंगळीत जोरकस ज्वाळा घुसली तर दारू पूर्ण पेट घेण्यापूर्वीच आत दाब वाढतो आणि गोळी पुंगळीच्या तोंडातून थोडी पुढे ढकलली जाऊ शकते. ही ढकल दर वेळी सारखी नसते, म्हणून वेगही सारखा राहत नाही. उलट ज्वाळा अपुरी पडली तर दारूचा पेट रेंगाळतो आणि तेव्हाही वेग वर-खाली होतो. म्हणून अनुभवी माणसे दारूला पूर्ण आणि खात्रीने पेटवणारा, पण त्याहून जोरकस नसलेला, असा प्रायमर शोधतात.

याच विचारातून लांब पल्ल्याच्या नेमबाजीत एक बदल झाला. फिनलंडच्या लापुआ कंपनीने, ज्या काडतुसांना परंपरेने मोठा प्रायमर लागतो, त्यांच्या पुंगळ्या लहान प्रायमरच्या खळग्यासह आणि बारीक छिद्रासह काढल्या. नेहमीचे छिद्र सुमारे दोन मिलिमीटरचे असते, या पुंगळ्यांत ते दीड मिलिमीटरचे आहे. लहान प्रायमरची ज्वाळा सौम्य असल्यामुळे अनेकांना वेगातला फरक कमी झालेला आढळला, शिवाय पुंगळीचे बूड जास्त भरीव राहिल्याने ती जास्त वेळा वापरता येऊ लागली. पण हाच लहान प्रायमर कडाक्याच्या थंडीत कमी पडू शकतो. लडाखमध्ये दिवस काढलेला मी माणूस आहे. सांगलीच्या एप्रिलमध्ये चालते ते तिथल्या पहाटे चालेल, असे मी कधीच म्हणणार नाही.

तिसरी निवड साध्या आणि स्पर्धेच्या प्रायमरमधली. फेडरल २१० एम किंवा सीसीआय बीआर-२ यांसारखे प्रायमर स्पर्धेसाठी म्हणून विकले जातात आणि महाग असतात. त्यांत काही वेगळी जादूची रसायने नसतात. मिश्रणाचे वजन, वाटीची जाडी आणि ऐरणीची बैठक एकापासून दुसऱ्यापर्यंत कमीत कमी बदलावी, यासाठी जास्त काळजी घेतलेली असते. वाढीव पैसा त्या काळजीचा आहे. तो खर्च करावा का, हे कुठल्या अंतरावर गोळी मारायची आहे त्यावर ठरते, आणि हे हिशोबाने सांगता येते.

मुलांच्या पॉइंट टू-टू रायफलीचे उदाहरण घेऊ. गोळी सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते आणि ५० मीटर जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून साडेबारा सेंटिमीटर खाली येते. एखादी गोळी १० मीटर प्रतिसेकंदाने मंद निघाली तर ती आणखी सुमारे आठ मिलिमीटर खाली लागेल. या अंतराच्या टार्गेटवर १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ आठ मिलिमीटरने बाहेर असते. म्हणजे मुलीने श्वास, चाप, नजर सगळे अचूक सांभाळूनही निव्वळ गोळीच्या वेगाने तिचा एक पूर्ण गुण जाऊ शकतो. मोठ्या रायफलीचे गणित वेगळे आहे. ८०० मीटर प्रतिसेकंदाच्या गोळीत एक टक्क्याचा फरक पडला तर ३०० मीटरवर ती जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर वर-खाली होते, आणि तिथले १० चे वर्तुळ १० सेंटिमीटरचे असते. पण हजार यार्डांवर तोच एक टक्का जवळजवळ एका वितीएवढा होतो. त्यामुळे १०० मीटरवर कागदाला एकाच जागी भोके पाडणारे काडतूस हजार यार्डांवर उभ्या रेषेत पसरते. कागदावरचा उभा पसारा हा वेगातल्या फरकाकडे बोट दाखवतो, आडवा पसारा बहुधा वाऱ्याकडे किंवा हाताकडे.

इथपर्यंत ऐकून पुतण्या म्हणाला, "म्हणजे महागडाच घेतो." मी त्याला थांबवले, कारण खिशाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी तपासायच्या असतात आणि त्या दोन्ही फुकट आहेत.

पहिली म्हणजे प्रायमर कसा बसला आहे. प्रायमरचे ऐरणीचे पाय खळग्याच्या तळाला टेकले पाहिजेत आणि किंचित दाबले गेले पाहिजेत, म्हणजे मिश्रणावर हलका ताण येतो आणि ऐरण घट्ट राहते. असा बसलेला प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा आत असतो; साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर. बोटाचे टोक बुडावरून फिरवले की तो खोलगटपणा जाणवतो. प्रायमर वर राहिला तर पिनचा अर्धा जोर त्याला खाली बसवण्यातच जातो आणि पेट अर्धवट होतो किंवा होतच नाही. शिवाय बोल्ट लावतानाच तो उडण्याचा धोका वेगळा. खळग्यात जुनी काजळी साचलेली असली की तेच होते, म्हणून खळगा स्वच्छ हवा. यासाठी हातात धरून दाबायचे साधन मला यंत्रापेक्षा जास्त आवडते, कारण पाय तळाला टेकल्याची ती बारीक जाणीव हाताला होते.

दुसरी गोष्ट म्हणजे पिनचा घाव. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाच्या गोळ्या महिनाभर वर-खाली जात होत्या. आम्ही गोळ्यांचे तीन प्रकार बदलले, त्याच्या वडिलांचे बरेच पैसे गेले आणि मुलगा स्वतःवरचा विश्वास गमावून बसला. शेवटी मी एका संध्याकाळी बोल्ट उघडून वर्तमानपत्रावर त्याचे भाग मांडले. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जुने तेल थिजून, थंडीतल्या खोबरेल तेलासारखे घट्ट, पण तपकिरी होऊन बसले होते. पिन पुढे जात होती, पण प्रत्येक वेळी वेगळ्या जोराने. रिकाम्या पुंगळ्या ओळीने लावून भिंगातून पाहिल्या तर कडेवरचे काही खड्डे खोल आणि चौकोनी कडांचे होते, तर काही उथळ होते. ते खड्डे पहिल्याच आठवड्यात पाहायला हवे होते. ती चूक सर्वस्वी माझी होती. भाग धुऊन, पुसून, कोरडे बसवले, थकलेली स्प्रिंग बदलली आणि त्याच गोळ्या पुन्हा एका जागी लागू लागल्या. तेव्हापासून कोणी गोळ्यांची तक्रार घेऊन आला की मी आधी त्याच्या रिकाम्या पुंगळ्या मागतो.

या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर मगच प्रायमरची तुलना करावी. तुलनेत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुंगळ्या त्याच, दारू त्याच डब्यातली आणि तेवढ्याच वजनाची, गोळी तीच. फक्त प्रायमर वेगळा. पण इथे एक सक्त सूचना आहे. प्रायमर बदलला की आतला दाबही बदलतो, कधी कधी बराच. म्हणून आधी वरच्या मर्यादेजवळ असलेले दारूचे प्रमाण तसेच ठेवून नवा प्रायमर घालायचा नसतो. दारू उत्पादकाच्या पुस्तिकेतल्या खालच्या प्रमाणापासून पुन्हा पायरी-पायरीने वर यायचे. काही जण उडालेल्या प्रायमरचा चपटेपणा पाहून दाब ओळखतात. मी त्यावर भरवसा ठेवत नाही, कारण मऊ वाटीचा प्रायमर कमी दाबालाही चपटा होतो आणि कठीण वाटीचा धोक्याच्या दाबालाही गोलाईदार दिसू शकतो.

तुलनेत सगळ्यांत मोठी फसगत आकड्यांची होते. वेग मोजणारा क्रोनोग्राफ आता अनेकांकडे असतो. पाच गोळ्या मारायच्या, वेगांचे प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप, पाहायचे आणि निकाल लावायचा, ही सर्रास पद्धत आहे. पण पाच गोळ्यांवरून काढलेले विचलन फार डळमळीत असते. समजा पाच गोळ्यांत ते ४ मीटर प्रतिसेकंद आले. ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरे विचलन २.४ ते ११.५ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. दहा गोळ्या मारल्या तर ही पट्टी पावणेतीन ते सव्वासात अशी होते, आणि तीस गोळ्यांवर सुमारे ३.२ ते ५.४ अशी. म्हणजे एका प्रायमरचे पाच गोळ्यांत ३ आले आणि दुसऱ्याचे ५ आले, तर दुसरा वाईट ठरला असे मुळीच नाही. नाणे पाच वेळा उडवून चार वेळा छापा आला म्हणून नाणे खोटे ठरवण्यासारखे ते होईल. पुतण्याने आपल्या वहीतले आकडे दाखवले, ते सगळे पाच-पाच गोळ्यांचे होते. त्याच्या पाच प्रायमरपैकी कोणाचाही क्रम त्यावरून लागत नव्हता. मी त्याला सांगितले की पाचांऐवजी दोनच निवड, पण प्रत्येकाच्या तीस मार, आणि त्या आलटून-पालटून मार, म्हणजे नळी तापण्याचा आणि दुपारच्या उन्हाचा परिणाम दोघांवर सारखा पडेल.

आता तासगावच्या मुलीकडे वळतो. पॉइंट टू-टूच्या गोळीला वेगळा प्रायमर नसतो. पुंगळीच्या बुडाची कड पोकळ असते. कारखान्यात मिश्रणाचा ओला ठिपका आत टाकून पुंगळी जोरात फिरवतात, तेव्हा तो त्या कडेच्या पोकळीत पसरतो आणि वाळतो. पिन त्या कडेवर आदळते. मिश्रण कडेच्या सगळ्या बाजूंना किती सारखे पसरले आहे, हे बाहेरून कोणालाही दिसत नाही. म्हणूनच एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या गोळ्यांत एका लॉटचे, म्हणजे एका वेळी एकत्र बनवलेल्या साठ्याचे, आणि दुसऱ्या लॉटचे वागणे वेगळे असते. इथे माणसाला प्रायमर निवडता येत नाही, लॉट मात्र निवडता येतो. खोक्यावर छापलेला लॉट क्रमांक त्यासाठीच वाचायचा; एली कंपनीच्या टेनेक्ससारख्या गोळ्यांच्या खोक्यावर त्या लॉटचा वेगही छापलेला असतो. परदेशातल्या मोठ्या खेळाडूंसाठी एली इंग्लंडमध्ये आणि लापुआ जर्मनीतल्या शोनेबेकमध्ये चाचणी केंद्रे चालवतात, जिथे खेळाडूची नळी पकडीत घट्ट बसवून एकामागून एक लॉट मारून पाहतात. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातून तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे तीन स्थितींतून मारण्याच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवले. त्या पातळीवर एक दशांश गुणानेही क्रमांक बदलतो, तिथे लॉटची निवड ही चैन राहत नाही.

मुलीने आणलेली दोन्ही खोकी मी टेबलावर शेजारी ठेवली. नाव एक, रंग एक, लॉट क्रमांक वेगवेगळे. विक्रेत्याने एकाच मोठ्या पेटीत दोन लॉट मिसळून दिले होते आणि तिच्या घरी ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. आम्ही रायफल टेकूवर ठेवली, वारा पडलेला असताना सकाळी प्रत्येक लॉटच्या दहा-दहाच्या चार फैरी मारल्या आणि त्या त्या लॉटचे चारही कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले. जुन्या लॉटची भोके एका गोल झुपक्यात होती. नव्या लॉटचा झुपका तेवढाच रुंद, पण उंचीला दीडपट होता. तिचा हात बिघडला नव्हता, हे तिला तिच्याच डोळ्यांनी दिसले आणि तिचा चेहरा खुलला. नवा लॉट सरावाला, जुना स्पर्धेला, असे आम्ही ठरवले.

साठवणुकीबद्दल थोडे. प्रायमर नेहमी मूळ खोक्यातच ठेवावेत. त्या खोक्यांत प्रत्येकाला वेगळा कप्पा असतो तो शोभेसाठी नसतो. बरणीत एकत्र ओतलेले प्रायमर एक उडाला तर सगळे एकदम उडतात आणि ते ग्रेनेडसारखे असते. उष्णता आणि ओल या दोन्हींपासून ते दूर हवेत. ओलीचा धडा मला २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराने दिला. कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यात दोन दिवस होते आणि लोखंडी कपाटात परवान्यावरच्या पॉइंट टू-टूच्या गोळ्या होत्या. पाणी ओसरल्यावर त्या पुसून, वाळवून बाहेरून अगदी नव्यासारख्या दिसत होत्या. दहा मारून पाहिल्या; दोन पेटल्याच नाहीत, आणि एकीचा आवाज इतका दबका आला की मी तिथेच थांबलो, बोल्ट उघडून गोळी नळीत अडकली तर नाही ना ते गजाने पाहिले, आणि उरलेल्या सगळ्या रीतसर जमा केल्या. आता त्या गोळ्या वरच्या मजल्यावर, हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह असतात. पेटली नाही अशी गोळी लगेच बाहेर काढू नये, नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. उशिराने पेट घेणारी गोळी दुर्मीळ असते, पण असते.

पुतण्याचा फोन फेब्रुवारीत आला. त्याने दोन प्रायमर, एक साधा आणि एक स्पर्धेचा, तीस-तीस वेळा आलटून-पालटून मारले होते. साध्याचे विचलन ३.१ आणि स्पर्धेच्याचे २.८ मीटर प्रतिसेकंद आले. तीस गोळ्यांतही एवढ्याशा फरकाला अर्थ नसतो. त्याच्या रायफलीत दोघे सारखेच चालत होते. तेव्हा त्याने साधा निवडला, आणि वाचलेल्या पैशात त्याच लॉटचे पाच हजार एकदम घेऊन ठेवले, म्हणजे पुढची काही वर्षे त्याला ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागणार नाही.